पटावरची लढाई : डावपेचांचे युद्धखेळ शिकायला सुरुवात कशी करावी

१० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या अप्पर टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपली रायफल सेक्शन घेऊन पुढे सरकत होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याशिवाय सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. नंतर शत्रूच्या स्नायपरनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

डावपेचांचे युद्धखेळ याच प्रश्नाभोवती रचलेले असतात. मधे मोकळं रान, समोर मशीनगन, हाताशी आठ-दहा माणसं. पलीकडे जायचं कसं? मी हे खेळ बरीच वर्षं खेळतो आहे, जास्त करून एकट्यानेच. नवीन माणसं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात: खोकं येतं, नियमपुस्तिका उघडली जाते, विसाव्या पानापर्यंत डोकं जड होतं आणि खोकं कपाटात जातं. ते टाळायचा रस्ता असा: एक छोटा खेळ घ्या, त्यातला एक छोटा सिनॅरिओ, म्हणजे ठरवून दिलेली एखादी लढाई, मांडा आणि प्रतिस्पर्धी शोधण्याआधी दोन्ही बाजू स्वतःच खेळा.

१. आधी पातळी ओळखा

युद्धखेळ म्हटला की नकाशावर आख्खं युरोप मांडलेले खेळ डोळ्यांसमोर येतात. ती वेगळी जात. तिथे एक काउंटर, म्हणजे पटावर हलवायची पुठ्ठ्याची चौकोनी सोंगटी, ही हजारो सैनिकांची एक डिव्हिजन आणि एक टर्न, म्हणजे खेळातली एक फेरी, महिन्याची असू शकते. आपण बोलतोय त्या खेळांत एक काउंटर म्हणजे आठ-दहा जणांची तुकडी, एखादा अधिकारी, एक मशीनगन किंवा एक रणगाडा. पटावरचा एक षटकोन, म्हणजे हेक्स, हा जमिनीचा एखादा तुकडा असतो. ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडरमध्ये, ज्याला सगळे एएसएल म्हणतात, एक हेक्स ४० मीटरचा आणि एक टर्न दोन मिनिटांचा. एवढ्या छोट्या जागेत झाड, भिंत, गव्हाचं शेत, घराचा कोपरा या सगळ्याला किंमत येते.

या प्रकाराला ओळख मिळवून दिली ती जॉन हिल यांच्या १९७७ च्या स्क्वाड लीडरने. १९८५ मध्ये त्याचंच वाढलेलं रूप म्हणून एएसएल आला आणि तो आजही खेळला जातो.

२. पहिला खेळ निवडा, आणि एकच निवडा

मी सुचवेन ते तीन रस्ते असे.

घरात कुणाबरोबर तरी लगेच खेळायचं असेल तर मेमॉयर ’४४. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला हा खेळ २००४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरल्याला साठ वर्षं झाली तेव्हा आला. हातातल्या पत्त्यांवर डावी बगल, मध्य किंवा उजवी बगल असं लिहिलेलं असतं आणि त्याच भागातल्या तुकड्यांना हुकूम देता येतो. नियम अर्ध्या तासात सांगून होतात. बारा-तेरा वर्षांची मुलंही आरामात खेळतात.

डावपेच जरा जास्त हवेत, पण तक्ते (फाशांवरून माऱ्याचा परिणाम काढायची कोष्टकं) नकोत, तर अनडॉन्टेड : नॉर्मंडी. डेव्हिड थॉम्पसन आणि ट्रेव्हर बेंजामिन यांचा हा २०१९ चा खेळ. इथे प्रत्येक सैनिक तुमच्या पत्त्यांच्या गड्डीत असतो. गोळी लागली की त्याचा पत्ता गड्डीतून जातो आणि तुमचा प्लाटून हळूहळू खरोखर विरत जातो. मला हा खेळ नवख्यांसाठी सर्वांत उत्तम वाटतो, कारण आधी मारा करून शत्रूला दाबून ठेवायचं आणि मग पुढे सरकायचं, ही या छंदाची बाराखडी तो तक्त्याशिवाय शिकवतो.

आणि हेक्स, काउंटर, तक्ते हेच ज्यांना खुणावतं त्यांच्यासाठी एएसएल स्टार्टर किट १. ते २००४ मध्ये आलं. फक्त पायदळ आणि मशीनगनसारखी शस्त्रं, सहा सिनॅरिओ आणि हातात मावेल एवढी नियमपुस्तिका. दुसऱ्या किटमध्ये तोफा येतात, तिसऱ्यात रणगाडे. हा लेख पुढे बराचसा याच किटच्या आधाराने लिहिला आहे, कारण शिकताना अडचणी इथेच येतात.

सापळा: पूर्ण एएसएलपासून सुरुवात करू नका. त्याची नियमपुस्तिका रिंग बाइंडरमधली, दोनशेहून जास्त पानांची आहे आणि नियम, काउंटर, पट वेगवेगळ्या खोक्यांत विखुरलेले आहेत. तो खेळ विलक्षण आहे, पण तिसरं स्टार्टर किट खेळून झाल्यावर.

दुसरा सापळा कॉम्बॅट कमांडर : युरोप. चॅड जेन्सन यांचा २००६ चा हा खेळ मला फार आवडतो. फासे नाहीत, सगळं पत्त्यांवर चालतं आणि मधेच अशा घटना घडतात की कुठलीच लढाई दुसरीसारखी होत नाही. पण हातातले पत्ते लपवणं हाच त्याचा प्राण आहे. समोर माणूस नसेल तर घेऊ नका.

३. मागवताना

यातले हलके खेळ भारतातल्या ऑनलाइन दुकानांत अधूनमधून मिळतात. हेक्स आणि काउंटरवाले खेळ बहुतेक वेळा परदेशातून मागवावे लागतात. त्यासाठी हाताशी ठेवा:

- पॅन किंवा आधारची प्रत (कुरिअर कंपनी आयातीसाठी केवायसी मागते)
- खरेदीचं बिल, ज्यावर वस्तूचं नाव आणि किंमत स्पष्ट असेल
- आयात शुल्क आणि पाठवणीचा खर्च धरून ठरवलेलं बजेट

पाठवणीचा खर्च खोक्याच्या किमतीला टेकू शकतो, त्यामुळे एकटं छोटं खोकं मागवण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून मागवलेलं बरं. अमेरिकेत किंवा युरोपात नातेवाईक असतील तर ते सुट्टीला येताना आणू शकतात, मात्र त्यांना खोक्याचं माप आणि वजन आधीच कळवा. ही खोकी बॅगेत बरीच जागा खातात.

जीएमटी या कंपनीची पी ५०० नावाची पद्धत आहे. पुरेशा लोकांनी आगाऊ नोंदणी केली की खेळ छापला जातो आणि पैसे पाठवणीच्या सुमारास कापले जातात. किंमत कमी पडते, पण वाट वर्षभर किंवा त्याहून जास्त पाहावी लागू शकते. पहिल्या खेळासाठी हा मार्ग नको.

४. टेबलावर काय लागतं

- वेगवेगळ्या रंगांचे दोन सहा-बाजूंचे फासे. एएसएलमध्ये रंगीत फाशाला वेगळा अर्थ आहे: मशीनगनचा मारा चालू राहतो की नाही, हे त्यावर ठरतं.
- फासे टाकायला खोलगट ताट किंवा छोटा ट्रे. उघड्यावर टाकलेला फासा काउंटरांच्या ढिगात जाऊन आदळतो.
- टोकदार चिमटा. अर्ध्या इंचाचे काउंटर एकावर एक चार असले की बोटांनी शेजारचा ढीग हलतो.
- पटावर ठेवायला पातळ ॲक्रिलिक शीट. कागदी पट त्याखाली सपाट राहतो. कोणत्याही साइनबोर्डवाल्याकडे मापात कापून मिळते.
- काळा दोरा, दृष्टिरेषा तपासायला, म्हणजे या हेक्समधून तो हेक्स दिसतो का ते बघायला.
- कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा, मणी किंवा स्क्रू ठेवायचा असतो तसला.

काउंटर पुठ्ठ्यातून ओढून काढू नका, कोपरे फाटतात. कटरने जोड कापा. कोपरे गोल करायचं यंत्रही मिळतं. ते चैनीचं आहे, पण गोल कोपऱ्यांचे ढीग एकमेकांत अडकत नाहीत.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे छताचा पंखा. तीन नंबरवर पंखा असेल तर काउंटर उडत नाहीत, पण एखादा ढीग थोडासा सरकतो आणि कोणत्या हेक्समध्ये कोण होतं यावर वाद सुरू होतो. टेबल पंख्याच्या थेट खाली नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी पट फुगतात, म्हणून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि खोकं भिंतीला टेकवून ठेवू नका.

५. नियमपुस्तिका वाचायची रीत

पहिल्या वाचनात सगळं लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. आधी फक्त टर्नचा क्रम पाठ करा. स्टार्टर किटमध्ये तो आठ टप्प्यांचा आहे: सावरणं, आधीचा मारा, हालचाल, बचावाचा मारा, पुढे सरकत मारा, माघार, एक पाऊल पुढे आणि शेवटी हातघाई. हे आठ टप्पे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा. बाकी प्रत्येक नियम यातल्या कोणत्या तरी एका टप्प्यात बसतो. तो कोणत्या टप्प्यातला, हे कळलं की शोधायला वेळ लागत नाही.

मग काउंटर वाचायला शिका. जर्मन तुकडीवर ४-६-७ लिहिलेलं असतं: माऱ्याची ताकद ४, पल्ला ६ हेक्स, मनोधैर्य ७. अमेरिकन तुकडी ६-६-६, रशियन ४-४-७. या आकड्यांमध्येच त्या सैन्यांचं वर्णन आहे. मनोधैर्याची साधी तपासणी दोन फाशांवर होते. बेरीज मनोधैर्यापेक्षा जास्त आली की तुकडी खचते. म्हणजे अमेरिकन तुकडी ३६ पैकी २१ वेळा खचेल आणि जर्मन १५ वेळा. पण अमेरिकन काउंटर उलटा करून बघा: खचलेल्या बाजूवर ८ छापलेलं असतं. ती लवकर मोडते आणि लवकर उभी राहते. अमेरिकनांकडून खेळताना म्हणूनच अधिकारी मागे, झाडीत किंवा घरात हवा, खचून आलेल्यांना सावरायला. हे एकदा समजलं की तक्ता कोरडा वाटत नाही.

६. पहिला डाव : दोन्ही बाजू तुम्हीच

पहिल्या किटमधला पहिलाच सिनॅरिओ जून १९४४ चा, नॉर्मंडीतल्या व्हिएर्विल गावातला आहे. तो मांडा. टेबल दोन-तीन दिवस अडलं तरी चालेल अशी जागा निवडा. जागा नसेल तर प्रत्येक टर्न संपला की मोबाइलवर वरून फोटो काढा, म्हणजे आवरून पुन्हा मांडता येतं.

एकट्याने खेळणं म्हणजे स्वतःला फसवणं, असं पुष्कळांना वाटतं. थोडी शिस्त पाळली तर तसं होत नाही. मी पाळतो ती अशी:

बचाव करणाऱ्याची मांडणी आधी पूर्ण करा, मग उठा. चहा घ्या. हल्ला करणाऱ्याच्या खुर्चीवर येऊन बसा आणि दोन-तीन वाक्यांत योजना लिहा: कोणत्या घरावर मारा, कोणत्या बाजूने पुढे जायचं, धूर कुठे. बचाव करणाऱ्याचीही एक ओळ लिहा: कोणतं घर शेवटपर्यंत धरायचं आणि कोणतं कधी सोडायचं. योजना बदलायची असेल तर पटावर काहीतरी घडल्यावरच बदला, मनात आलं म्हणून नको. दोन चाली सारख्याच चांगल्या वाटल्या तर फासा टाका. आणि प्रत्येक वेळी बाजू बदलताना खुर्ची बदला. पट उलट्या बाजूने दिसला की वेगळी दृष्टिरेषा दिसते आणि डोकंही त्या बाजूने चालायला लागतं.

स्टार्टर किटमध्ये लपलेल्या तुकड्यांचे नियम नाहीत, हे एकट्याच्या खेळाला फार सोयीचं आहे. दोन्ही बाजूंना सगळं दिसतं, त्यामुळे तुम्हाला नाटक करावं लागत नाही.

आता डावपेच. सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे मोकळ्या रस्त्यावर धावणं किती महाग पडतं ते. दोन फाशांवर कमी आकडा मारणाऱ्याच्या फायद्याचा. दगडी घरातल्या तुकडीवर मारा केला तर घराचे +३ मिळतात, म्हणजे फाशांवर ७ आले तरी हिशोबात १० धरले जातात आणि छोट्या माऱ्याचा बहुधा काही परिणाम होत नाही. तीच तुकडी उघड्यावर साधी धावत सुटली तर मोकळी जमीन −१ आणि बेसावध हालचाल −१, म्हणजे ७ चे ५ होतात. ७ पेक्षा कमी आकडे जसजसे येतात तसतसा परिणाम भयंकर होत जातो. शिवाय मारा झालेल्या हेक्समध्ये त्याच्या निम्मी ताकद उरून राहते आणि मागून त्याच वाटेने येणाऱ्याला तीही खावी लागते.

म्हणून नवख्यांची सर्वांत नेहमीची चाल, सगळ्या तुकड्या एका रांगेत एकाच गल्लीतून पाठवणं, पहिल्या दोन टर्नमध्ये हल्ला संपवते. त्याऐवजी असं करा: दोन-तीन तुकड्या आणि मशीनगन एका चांगल्या अधिकाऱ्याबरोबर लांबच्या घरात बसवा. त्यांचं काम एकच, बचाव करणाऱ्यांच्या सर्वांत घातक ठाण्यावर मारा करत राहणं. बाकीच्या तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी, एकेक करून हलवा. पहिली तुकडी पाठवताना बचाव करणाऱ्याला पेच पडला पाहिजे: हिच्यावर मारा करू की पुढचीची वाट बघू?

हा पेच दोन्ही खुर्च्यांवर बसून अनुभवला की खेळ कळला. एकट्याने खेळण्याचं मोल तिथे आहे. समोरच्याने मारा राखून का ठेवला, हे तुम्हाला माहीत असतं, कारण राखून ठेवणारे तुम्हीच होता.

आणखी काही सापळे, थोडक्यात:

- जी तुकडी आधीच्या माऱ्यात गोळीबार करते ती त्या टर्नला हलू शकत नाही. सगळ्यांकडून मारा करून घेण्याचा मोह टाळा, सिनॅरिओला टर्नची मर्यादा असते.
- एका हेक्समध्ये तीन तुकड्या मावतात, म्हणून तीन ठेवू नका. एकच मारा तिघींना लागतो.
- दृष्टिरेषा मारा जाहीर केल्यानंतरच दोऱ्याने तपासायची. एकट्याने खेळतानाही हे पाळा, नाहीतर माणसासमोर खेळताना नजरेने अंदाज बांधता येत नाही.
- जिंकण्याच्या अटी दर टर्नच्या सुरुवातीला पुन्हा वाचा. शत्रूला मारणं आणि सिनॅरिओ जिंकणं यांत पुष्कळदा संबंध नसतो.

नियम अडला तर पाच मिनिटं शोधा. सापडला नाही तर समजुतीने निर्णय घ्या, वहीत लिहून ठेवा आणि पुढे खेळा. डाव संपल्यावर वहीतले प्रश्न घेऊन नियमपुस्तिका वाचा. त्या वेळी ती वेगळीच वाटते.

७. एकट्यासाठीच रचलेले खेळ

दोन्ही बाजू खेळण्याचा कंटाळा आला की इकडे वळा. १९८३ चा अँबुश! हा यातला जुना मानदंड: तुम्ही अमेरिकन तुकडी हलवता आणि कुठल्या हेक्समध्ये काय घडतं ते परिच्छेदांच्या पुस्तिकेतून उलगडतं. तो जुन्या बाजारातच मिळतो. त्याच्या रचनाकारांपैकी एक, जॉन बटरफिल्ड, यांचाच २००९ चा डी-डे ॲट ओमाहा बीच. तिथे जर्मन बचाव पत्त्यांवर चालतो आणि किनाऱ्यावरच्या पहिल्या तासांत नुसतं टिकून राहणं हेच यश असतं. कंपनी कमांडर काय करतो, हे जाणून घ्यायचं असेल तर बेन हल यांचा फील्ड्स ऑफ फायर. संपर्क, हुकूम पोचणं, रेडिओ, यांवर एवढा भर दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेला नाही. पण त्याचे नियम कठीण आहेत, पहिल्या वर्षी नको. अनडॉन्टेड घेतला असेल तर त्याच्या रीइन्फोर्समेंट्स या पुरवणीत एकट्याने खेळायची सोय आहे.

८. समोर माणूस शोधताना

पुण्या-मुंबईच्या बोर्डगेम कॅफेंत बहुतेक हलके खेळ चालतात. तिथे एएसएलचं खोकं घेऊन गेलात तर लोक कुतूहलाने बघतील आणि आपापल्या टेबलावर जातील. अनडॉन्टेड किंवा मेमॉयर घेऊन जा. ज्याला त्यात रस वाटेल तोच पुढे तुमचा हेक्सवाला जोडीदार होईल. बुद्धिबळ खेळणारे आणि लष्करी इतिहास वाचणारे, दोघांनाही विचारून बघा. माझ्या अनुभवात दुसरे जास्त टिकतात. पहिल्यांना फाशांचा राग येतो.

शिकवताना नियमांचं व्याख्यान देऊ नका. पहिला टर्न उघड्या पत्त्यांनी, बोलत बोलत खेळा. मेमॉयरमध्ये एकच लढाई बाजू बदलून दोनदा खेळायची आणि दोन्ही डावांची पदकं मिळवून विजेता ठरवायचा, ही पद्धत उत्तम आहे. असमान लढाई असली तरी कुणाला तक्रार राहत नाही.

टेबलावरच्या चार गोष्टी आधीच ठरवून घ्या: ट्रेबाहेर पडलेला किंवा तिरका टेकलेला फासा पुन्हा टाकायचा, काउंटरवरून हात काढला की चाल पक्की, समोरच्याच्या ढिगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, नियमावर वाद झाला तर पाच मिनिटांनी फासा टाकून निकाल. आणि एक बोलून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. या काउंटरांमागे खरी माणसं होती. काही जणांना जर्मन बाजू, विशेषतः एसएस या नाझी दलाच्या तुकड्या, हाताळायला नको वाटतं. आग्रह करू नका, बाजू बदलून घ्या किंवा दुसरा सिनॅरिओ काढा.

९. गावात कुणीच नसेल तर : व्हॅसल

व्हॅसल हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते मुळात एएसएल ऑनलाइन खेळण्यासाठी लिहिलं गेलं आणि पुढे शेकडो खेळांसाठी वाढलं. पायऱ्या अशा:

१) संगणकावर व्हॅसल बसवा.
२) तुमच्या खेळाचं मॉड्यूल, म्हणजे त्या खेळाचे पट आणि काउंटर असलेली फाइल, उतरवून घ्या. एएसएलसाठी व्हीएएसएल हे मॉड्यूल, त्याचे पट वेगळे उतरवावे लागतात.
३) एकट्यानेच एक सिनॅरिओ मांडून काउंटर हलवायची, उलटवायची, फासे टाकायची सवय करा. व्हॅसल नियम तपासत नाही. चुकीची चाल केलीत तरी ते अडवणार नाही.
४) मग दोन पर्याय. दोघं एकाच वेळी बसा आणि सोबत व्हॉइस कॉल ठेवा. किंवा आपली चाल लॉग फाइलमध्ये नोंदवून ईमेलने पाठवा.

अमेरिकेतल्या जोडीदाराबरोबर थेट खेळायचं तर रविवारी सकाळी सातला बसा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शनिवारची रात्र असते, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. युरोपातल्यांबरोबर आपली रात्र जुळते. पहिल्याच निरोपात सांगा की तुम्ही नवीन आहात आणि स्टार्टर किटचे नियम वापरणार आहात. जुने खेळाडू नवख्यांना शिकवायला आनंदाने वेळ देतात, पण त्यांना आधी कळलं पाहिजे.

ईमेलने खेळताना बचावाच्या माऱ्याची अडचण येते: तुमची प्रत्येक हालचाल झाली की समोरच्याला गोळी चालवायचा हक्क असतो, म्हणजे एका टर्नमध्ये कितीतरी फाइली इकडून तिकडे जातील. यावर उपाय म्हणजे बचाव करणाऱ्याने आधीच लिहून पाठवायचं: या घरातली मशीनगन रस्ता ओलांडणाऱ्या पहिल्या तुकडीवर मारा करेल, त्या कोपऱ्यातली तुकडी शेजारच्या हेक्समध्ये कुणी येईपर्यंत थांबेल. हालचाल करणारा त्या सूचनांप्रमाणे त्याच्या वतीने फासे टाकतो. फाइलीच्या नावात सिनॅरिओ, टर्न आणि बाजू लिहा, आणि जुनी फाइल डाव संपेपर्यंत पुसू नका.